पितळ, निकेल की कबाडीतला दुसरा? जुन्या जीपचा मॅनिफोल्ड फुटल्यावर

सकाळी गार इंजिन सुरू केलं की बोनेटखालून टिक-टिक येते आणि गाडी तापली की ती विरून जाते. आमच्याकडे यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात हे ऐकून निम्मे मिस्त्री टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) कव्हर खोलायला बसतात. टॅपेटचा आवाज तापल्यावर असा सहसा गायब होत नाही. हा आवाज फुटलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या नळ्यांच्या नगाचा. त्याचं बीड (ओतीव लोखंड) तापून फुगतं, चीर दाबली जाते, म्हणून आवाज जातो. तेव्हा पाना हाती घेण्याआधी गार इंजिनावरच मॅनिफोल्डजवळ काजळीची रेघ दिसते का ते पाहा. रेघ गॅस्केटच्या कडेला असेल तर कदाचित नुसतं ते पॅकिंग गेलं असेल किंवा फेस (इंजिनाला टेकणारी सपाट बाजू) वाकला असेल. नळीच्या अंगावर असेल तर चीर समजा.

खात्री मात्र मॅनिफोल्ड खाली उतरवल्यावरच होते. वायर ब्रशने घासा, रॉकेल चोपडा, थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. चिरेत मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत उतरतं आणि ओली रेघ उमटते. डोळ्याला बोटभर दिसलेली चीर खडूवर वीतभर निघते, हे बघून ठेवा. दुरुस्तीचा हिशेब त्या वीतभर चिरेचा करायचा.

आता निवड. माझी जीप सीजे-३बी, पेट्रोलवाली, हरिकेन इंजिनाची. ज्यांच्याकडे अशी जुनी पेट्रोल गाडी आहे, त्यांच्यापुढे साधारण हेच रस्ते असतात.

पाइप वाकवून नवा मॅनिफोल्ड बनवून घेण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो मी बाजूला ठेवतो. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, पण गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात फेरफार नको. ती नोंद करायची नसली तरी जुन्या इंजिनाला पाइपांचा गुंता शोभत नाही, असं आपलं माझं मत.

पितळी वेल्डिंग गावातच होतं. गॅसवर होतं, त्यामुळे लाइट गेली तरी काम अडत नाही, आणि आमच्याकडे ही सोय लहान नाही. बीड फार तापवावं लागत नाही, त्यामुळे नवीन तडा जायची भीतीही कमी. तुटलेला कान, पाण्याच्या पंपाची बॉडी, असल्या कामाला मी आजही पितळच सांगेन. मॅनिफोल्डचं दुखणं वेगळं आहे. चढावर लोड आला की पोर्टजवळचं बीड सहाशे अंशांच्या पुढे जाऊ शकतं. पितळ वितळायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं हे खरं, पण त्याच्या आधीच ते मऊ पडतं, शिवाय बिडापेक्षा जास्त फुगतं. माझ्या गाडीवरची पितळी शिवण हिवाळाभर नीट होती. उन्हाळ्यात ट्रॉली ओढायला लावली आणि टिक-टिक परत आली.

कबाडीतला दुसरा मॅनिफोल्ड घेणं ऐकायला सगळ्यात सोपं. नागपूर-अमरावतीकडे शोधलं तर मिळतो. फक्त आधीच्या एल-हेड इंजिनाचा (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) गळ्यात पडणार नाही एवढं बघा. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. हरिकेनमध्ये इनलेटचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकटाच ब्लॉकला असतो. फेस वाकलेला असणारच असं धरून चाला आणि लेथवाल्याकडून फेस मारून, म्हणजे सपाट करून घ्या.

मला मिळालेला जुन्या वस्तूच्या मानाने झकास होता. चंदेरी रंग, एकदम टकाटक. घरी आणून रॉकेलने धुतला तर रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खालून मधल्या नळीवर बोटभर लांबीची पिवळी रेघ चमकली. म्हटलं, चला, निकेलच्या वेल्डिंग रॉडने भरून घेऊ. यवतमाळला एमआयडीसीतल्या वेल्डरकडे नेला. त्याने ग्राइंडरचा एक हात फिरवला आणि मॅनिफोल्ड परत माझ्या हातात दिला. "याच्यात पितळ गेलं हाये ना भाऊ. आता निकेल नाई धरत. सारं पितळ खोदून काढू तं नळीच नाई उरत."

माझा निर्णय झाला तो इथे. पितळ टिकलं नाही याचा एवढा राग नाही, टिकाऊ काय असतं. पण ते एकदा चिरेत उतरलं की पुढच्या माणसाचा हात बांधून टाकतं. त्या जागी पुन्हा पितळच. आणि ज्या वस्तूचा नवा नग सहज मिळत नाही, तिच्यावर असं काम करून घेणं मला तरी पटत नाही.

उरला निकेल रॉड. रॉड महाग, नगावर मिळतो, आणि तो नीट लावणारा माणूस तालुक्याला सापडेलच असं नाही. लाइटचा प्रश्न आहेच. व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो, म्हणून गावात हे काम करूच नका. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, नाहीतर चीर वेल्डिंगच्या पुढे पळते. मग चीर व्ही आकारात खोदायची. पुढे दोन पद्धती: एक तर अख्खा नग आधी तापवून घ्यायचा, नाहीतर इंच-इंच भरायचं, लगेच हातोडीने हलकं ठोकायचं आणि हात लावता येईल इतकं निवल्यावर पुढचा इंच. दोन्हींची खिचडी करणारा वेल्डर टाळा. आमचा वेल्डर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात नग तापवतो, भरतो आणि रात्रभर राखेत पुरून ठेवतो. घाईने गार केलेलं बीड वेल्डिंगच्या शेजारी काचेसारखं कडक होतं, तिथे कानसही सरकते.

रॉडमध्येही फरक आहे. जवळजवळ शुद्ध निकेलचा रॉड मऊ भरतो, फेस मारायला सोपा. निम्मं निकेल, निम्मं लोखंड असलेला स्वस्त आणि जास्त ताकदीचा. नळीसाठी मी दुसरा सांगेन. फेसवर काम असेल तर पहिला.

जीप फक्त पोळ्याला आणि लग्नाच्या वरातीला बाहेर निघत असेल तर पितळात तुमचं भागेल, मी हट्ट धरणार नाही. आधीच पितळ गेलेला नग असेल तर तोच रस्ता धरा. पण मॅनिफोल्ड अजून कोरा असेल, तर वेल्डर मिळेपर्यंत टिक-टिक सोसा, मात्र काचा उघड्या ठेवून. तो धूर केबिनमध्ये येतो.

आणि काहीही केलं तरी सायलेन्सरचा हँगर तपासा. तो तुटलेला असला की पाइपचं सगळं वजन मॅनिफोल्डवर येतं, आणि आमच्या पांदण रस्त्यांवर ते वजन दिवसभर हेलकावत असतं. बसवताना नट मधून बाहेरच्या बाजूला कसा, पितळी नट वापरा (इथे पितळ चालतं), आणि गाडी एकदा तापून पूर्ण गार झाली की सगळे नट पुन्हा एकदा कसा. तापलेल्या मॅनिफोल्डवर नाल्याचं पाणी उडवू नका. माझा त्याच्यानेच फुटला असावा असा मिस्त्रीचा अंदाज आहे.