एल्कला साद कशानं घालायची: भाता, पिपाणी की टाळूवरची पत्ती?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरात असतो, आणि एल्कचा, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचा, माजही त्याच महिन्यात. नर शिट्टीसारखी लांब आरोळी देतात, माद्या म्यांवल्यासारखं बोलतात, आणि आपण त्यांच्यासारखा आवाज काढून, म्हणजे साद घालून, त्या गप्पांत चोरपावलांनी शिरायचं. डेन्व्हरच्या दुकानात साद घालायच्या साधनांची अख्खी भिंत पाहून मी पहिल्यांदा गांगरलो होतो. पण वेष्टनांची रंगरंगोटी सोडली, तर आत प्रकार मोजकेच.

निवडताना आवाज कोणाचा गोड हे नंतर बघा. आधी विचारा: आवाज काढायच्या क्षणी माझे हात कुठे असणार?

सगळ्यात सोपा भाता, बाणांचा नव्हे, हवेचा. रबराचा छोटा भाता दाबला की मादीचा आवाज येतो. फुंकायचं नाही, शिकायचं नाही. दहा वर्षांच्या पोरालाही पाच मिनिटांत जमतं. पण आवाज दर वेळी जवळपास तोच, आणि जिथे शिकाऱ्यांची वर्दळ आहे तिथल्या एल्कनी तो पुष्कळदा ऐकलेला असतो. शिवाय दाबायला हात हवा. माझा भाता एकदा खिशात होता आणि मी ओंडक्यावर बसल्याबरोबर स्वतःहूनच बोलला. समोरची मादी कान टवकारून पाहत राहिली आणि मला हसू आवरेना.

दुसरी पिपाणी. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर उघडी पत्ती, म्हणजे फुंकल्यावर थरथरून वाजणारी पातळ पट्टी असते; ती ओठांनी दाबून फुंकायची. ओठ कुठे आणि किती दाबता यावर सूर बदलतो, म्हणून मादी, पाडस, उतावीळ मादी असे वेगवेगळे आवाज एकाच पिपाणीतून निघतात. एका संध्याकाळच्या सरावात कामापुरतं जमून जातं. थुंकीनं पत्ती चिकटते, कडक थंडीत गोठते, तेव्हा ती अधूनमधून झटकावी लागते. आणि इथेही एक हात अडकलाच.

तिसरी टाळूवरची पत्ती, म्हणजे डायफ्रॅम. घोड्याच्या नालेच्या आकाराची चौकट, त्यावर ताणलेला लॅटेक्सचा पातळ पडदा, कडेनं चिकटपट्टी. ती टाळूला चिकटवायची आणि जिभेनं दाब कमी-जास्त करत हवा सोडायची. मादीचा आवाज वरून खाली घसरतो, म्हणून दाब हळूहळू सैल करायचा. नराची आरोळी खालून वर चढते, तिथे उलट. सांगायला इतकं सोपं. प्रत्यक्षात पहिला आठवडा नुसती ओकारी येते, दुसऱ्या आठवड्यात फुटक्या भोंग्यासारखं काहीतरी वाजतं. मी ऑफिसला जाता-येता गाडीत सराव करायचो. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे. घरी केलात तर बायको एका रात्रीत दाराबाहेर काढेल.

तरीही एकट्यानं धनुष्य घेऊन जाणार असाल तर दुसरा इलाज नाही. नर तीस यार्डांवर आहे, प्रत्यंचा पूर्ण ओढलेली आहे आणि तो चालत चालत झाडाआड जातोय. त्या क्षणी हात न हलवता हळूच एक म्यांव काढलात की तो थबकतो. भाता किंवा पिपाणी तिथे निरुपयोगी.

नवख्यानं एकाच पातळ पडद्याची पत्ती घ्यावी. दोन-तीन पडद्यांच्या पत्तीला हवा जास्त लागते. नराच्या खरखरीत आवाजाला ती बरी, पण सुरुवातीला दम तेवढा निघतो. लॅटेक्स ऊन आणि उष्णतेनं खराब होतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

नराच्या आरोळीसाठी पत्तीला जोड म्हणून लांब नळी मिळते. तिच्यातून आवाज मोठा आणि खोल होतो. नळी बघितली की प्रत्येकाला आरोळी ठोकायची हौस येते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ती घरी ठेवा. पहाटे दरीपलीकडे नर आहे का, हे चाचपायला आरोळी उत्तम. पण जवळ आल्यावर दिलीत तर कमजोर नर मार खाण्याच्या भीतीनं पळतो आणि कळपवाला आपल्या माद्या घेऊन दूर सरकतो. मादीच्या आवाजाला सहसा कोणी घाबरत नाही.

मोबाइल किंवा स्पीकरवर ध्वनिमुद्रित आवाज लावायचा विचार असेल तर तो सोडा. मोंटाना आणि आयडाहोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत त्याला मनाई आहे. बाकी राज्यांची नियमपुस्तिका दर वर्षी वाचावी.

सोबत जोडीदार असेल तर चित्र बदलतं. बाण मारणारा पुढे, साद घालणारा पन्नासेक यार्ड मागे. येणारा नर आवाजाच्या जागी नजर लावून असतो, पुढच्या माणसाकडे त्याचं लक्ष नसतं. अशा वेळी मागच्याकडे नुसती पिपाणी असली तरी पुरते. ऑक्टोबरात बंदुकीनं जाणाऱ्याला तर भाताही चालेल. माज ओसरलेला असतो, साद कमी आणि दुर्बीण जास्त कामाला येते.

पत्ती काही डॉलरांत येते, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या आकारांच्या घेऊन आपल्या टाळूला कुठली बसते ते पाहा. मूळ आवाज कानात बसवायला सप्टेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या मोरेन पार्कच्या कुरणापाशी जाऊन बसा. मात्र पत्ती घरी ठेवून. तिथे कृत्रिम साद घालायला बंदी आहे.