सहा बटणांचा १२ व्होल्टचा स्विच पॅनल: समोरून चांगला, मागून नव्याने जोडावा लागणारा

लहान फायबर होड्यांवर हल्ली एकाच घडणीचा पॅनल दिसतो. काळी पट्टी, तिच्यावर सहा रॉकर बटणं, एक यूएसबी सॉकेट, छोटा व्होल्टमीटर आणि मागे आधीच जोडून दिलेल्या वायरी. बरेचदा त्यावर कंपनीचं नावही नसतं. पट्टी आणि बटणं पैसे देण्याजोगी आहेत, मागच्या वायरी नाहीत. दिवा लागेना की लोक आधी बटण बदलतात, पण दोष बहुतेक वेळा बटणामागच्या जोडांत असतो.

पॅनल उलटा करून बघा. बॅटरीची पॉझिटिव्ह पहिल्या बटणावर येते, तिथून वीतभरही नसलेला तुकडा दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अशी माळ ओवलेली असते. पुढच्या पाचही दिव्यांचा करंट पहिल्या तुकड्यातून जातो. इंजिनाच्या थरथरीने मधली एक लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची चिमटी) सैल झाली की पुढची सगळी बटणं एकदम मरतात. पहिली दोन चालतात आणि पुढची चार बंद, असं दिसलं तर दिव्यांकडे जाऊच नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधला तुकडा तपासा. ही माळ काढून सहा स्क्रूंचा छोटा बसबार, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी, बसवावा आणि प्रत्येक बटणाला १.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर द्यावी. वायर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच हवी.

बटणाच्या मागे बहुधा तीन पिना असतात, दोन पांढऱ्या आणि एक पितळी. पांढऱ्यांपैकी एकीवर बॅटरीकडून येणारी वायर, दुसरीवर दिव्याकडे जाणारी. पितळी पीन बटणातल्या बारक्या दिव्याच्या निगेटिव्हची. बटण बंद असूनही त्यातला दिवा जळत राहिला, तर पांढऱ्या पिनांवरच्या वायरी उलट लागल्या आहेत. अदलाबदल केली की काम झालं. होडीवरचा दिवा लागतो पण बटण उजळत नाही, तर पितळी पिनेची निगेटिव्ह सुटली आहे. आणि बटण दाबताक्षणी फ्यूज जात असेल, तर दिव्याकडच्या पांढऱ्या पिनेवर चुकून निगेटिव्ह आलेली असू शकते.

पॅनलमधून निघणारी बारीक काळी वायर फक्त बटणं, मीटर आणि सॉकेटसाठी आहे. होडीवरच्या दिव्यांची निगेटिव्ह तिला जोडू नका. प्रत्येक दिव्याची निगेटिव्ह थेट निगेटिव्ह बसबारवर आणि तिथून एका जाड वायरीने बॅटरीवर जायला हवी.

सगळ्यात फसवणारा दोष नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, दिव्याचा. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर तिथेही जवळपास तेवढेच, आणि बल्ब मात्र लालसर, मरगळलेला. कारण वायरीचे सगळे बारीक धागे गंजून तुटले आणि एकच शिल्लक राहिला, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मीटरला करंट जवळपास लागतच नाही; बल्बला लागतो. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजावं. मीटरची एक कांडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हवर. ०.३ व्होल्टपर्यंत आकडा ठीक. जास्त आला तर दुसरी कांडी मागे मागे आणत जा: बटणाची बाहेरची पीन, आतली पीन, मग फ्यूज. ज्या टप्प्यावर आकडा एकदम कोसळतो, त्याच्या लगेच पुढचा, दिव्याच्या बाजूचा, जोड किंवा वायरीचा तुकडा गुन्हेगार. मग हेच निगेटिव्ह बाजूने करा. ती बाजू हमखास विसरली जाते. एलईडी दिवा फार कमी करंट घेतो, त्याच्यावर हा दोष लपतो. तपासणीपुरता १० वॅटचा साधा बल्ब लावावा, तो ०.८ अँपिअर ओढतो.

लग कापल्यावर हिरवी पूड दिसली तर तेवढंच पुसून चालत नाही. प्लॅस्टिक सोलत मागे जा. तांबं काळं पडलेलं असेल तिथपर्यंत कापा. आतपर्यंत काळंच निघालं तर पूर्ण वायर बदला. पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड खाऱ्या हवेत टिकत नाही. लग वायरीवर दाबून बसवणारी क्रिम्पिंगची पक्कड आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी, हाच खरा इलाज.

फ्यूजबद्दल या पॅनलवर आमचा खरा राग आहे. सहाही जागी १५ अँपिअरचे निळे फ्यूज देतात. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि एक-दोन वॅटच्या एलईडीला जाणारी बारीक वायर १५ अँपिअरवर फ्यूजच्या आधी वितळू शकते. दिशादर्शक दिव्यांना ३ किंवा ५ अँपिअर पुरतो. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज पॅनलसोबत येत नाही. तो वेगळा घेऊन बॅटरीपासून ७ इंचांच्या आत बसवा. ५ अँपिअर ओढणारा जाळ्यावरचा फोकस पाच मीटर लांब असेल तर १.५ चौरस मिमीच्या जाण्या-येण्याच्या वायरीत ०.६ व्होल्ट खर्ची पडतात, तिथे २.५ चौरस मिमी वापरा.

बटणांची वाटणी करताना लाल-हिरवे दिवे एका बटणावर आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा दुसऱ्यावर ठेवा. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला चालताना दोन्ही लागतात, नांगरावर फक्त पांढरा. दोन्ही एकाच बटणावर घेतले की नांगरलेली होडी चालती भासते.

पाण्यापासून संरक्षणाचा दावा समोरच्या बाजूपुरता खरा आहे, मागची बाजू उघडी असते. वायर पॅनलला भिडण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल.

व्होल्टमीटर आणि यूएसबी अनेकदा बटणाशिवाय थेट जोडलेले येतात. २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला १४ अँपिअर-अवर गेले. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होडी शाकारून ठेवली, तर छोटी बॅटरी नारळी पौर्णिमेला मेलेली सापडेल. त्या दोघांची वायर सहाव्या बटणावर घ्या, किंवा होडी वर ओढल्या दिवशीच बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.