थंडीसाठी शिवलेली सॅक, गोव्याच्या घामात

पन्नास लिटरची सॅक, आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पाठीला ताणलेली जाळी, तळाशी स्लीपिंग बॅगचा वेगळा चेनवाला कप्पा. पणजी-मडगावात ट्रेकिंगची सॅक मागितली की हाच साचा हमखास पुढे येतो. शिवण आणि बकल चांगले असतात. तक्रार तळाच्या कप्प्याची.

हा साचा थंडीचा. डोंगराळ थंड मुलखात तो कप्पा फुगीर स्लीपिंग बॅगेने गच्च भरतो आणि जड सामान आपसूक कमरेच्या वर राहतं. गोव्यात नेत्रावळीच्या जंगलाच्या बाजूला एका रात्रीला चादर पुरते. ती घडी करून कोपऱ्यात पडली की बाकी कप्पा मोकळा, मग तांदूळ-डाळ घसरून ढुंगणावर येते, सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो नि खांदे काचतात. दोष खांद्याच्या पट्ट्यांना दिला जातो! म्हणून चादर आणि सुटे कपडे घडी न घालता चोंदून भरा, कोपऱ्यांसकट.

त्यावर, पाठीला चिकटून, सगळ्यात जड वस्तू. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, तेव्हा पाण्याची पिशवी पाठीलगतच्या खणात, तिच्यापुढे शिधा आणि टोप. जडपणाचा मध्य खांद्याच्या पात्यांच्या दरम्यान आला पाहिजे. स्टोव्हचं इंधन शिध्याच्या खाली, उभं. तंबूचं कापड हलक्या बाजूला, म्हणजे पाठीपासून लांब. टोपात मोजे कोंबा, पोकळी राहिली की सामान हलतं. रेनकोट, पाव-उंडे सगळ्यांच्या वर. चिऱ्याच्या ओल्या, तुटक्या उतारावर मात्र जड भाग थोडा खाली आणा, नाहीतर तोल जातो.

जाळीबद्दल मत विभागलेलं आहे. वारा खेळतो हे खरं, आणि इथल्या दमट हवेत ते कुणाला नको? पण जाळीसाठी पाठीची चौकट कमानदार करतात, त्यामुळे वजन पाठीपासून काही सेंटिमीटर दूर जातं. सात-आठ किलोपर्यंत चालून जातं. बारा किलोला सपाट पाठीची सॅकच बरी, घाम आला तरी.

मापासाठी तुमची उंची बघू नका, धड मोजा. मान खाली घातल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. सॅक चढवताना सगळे पट्टे सैल, आधी कमरपट्टा, हाडाच्या कडेवर बसेल असा. मग खांद्याचे, शेवटी खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, साधारण ४५ अंशांत. छातीचा पट्टा श्वास अडेल इतका आवळू नका. बहुतेक वजन कमरेवर आलं की खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. दुकानात रिकामी सॅक चढवून यातलं काहीच कळत नाही, आत दहा किलो घालून दाखवायला सांगा.

सोबतचं पावसाळी कव्हर पाठीकडून उघडंच असतं. पाणी मानेवरून पाठीच्या गादीत उतरतं, उरलेलं कव्हरच्या तळाशी साठतं. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. परत आल्यावर सॅक ओली कपाटात टाकली तर बुरशी धरते, आणि दमटपणात आतला पाणी अडवणारा पॉलीयुरेथेनचा थर चिकट होऊन सुटतो. उलटी करून सावलीत वाळवा, चेनी उघड्या ठेवून.