फाउंटन्स की रीव्हो?

इंग्लंडमधील यॉर्कशरमध्ये एकाच दिवसाची सवड असलेल्यांना सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षुपंथाच्या या दोन भग्न मठांतून एकाची निवड करावी लागते. दोन्हींची स्थापना ११३२ सालची असली, तरी त्यांचा उगम वेगळा आहे. रीव्हो हा फ्रान्समधील क्लेअरव्हो मठातून आलेल्या भिक्षूंनी वसवला, तर फाउंटन्स हा यॉर्कच्या बेनेडिक्टाइन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मठातील ऐषआरामाला कंटाळून बाहेर पडलेल्या भिक्षूंनी उभारला आणि नंतर तो सिस्टर्शियन पंथात सामील झाला.

अवशेषांच्या बाबतीत फाउंटन्स निःसंशय सरस आहे. तिथले कमानदार छताचे प्रदीर्घ कोठार आजही शाबूत असून, मठाधिपती ह्यूबी यांनी बांधलेला उंच मनोरा पाहिला की साधेपणाचे व्रत घेतलेला पंथ लोकरीच्या व्यापारातून किती संपन्न झाला, हे लक्षात येते. रीव्होचे चर्च मात्र अरुंद दरीमुळे नेहमीच्या पूर्व-पश्चिमेऐवजी जवळपास उत्तर-दक्षिण बांधावे लागले, आणि तेराव्या शतकातील त्याचा वेदीकडील भाग मला अधिक सुंदर वाटतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात रीव्हो १५३८ मध्ये व फाउंटन्स १५३९ मध्ये बंद झाला.

मठाचा दैनंदिन कारभार समजून घ्यायचा असेल, किंवा सोबत मुले असतील, तर फाउंटन्स निवडावा. संत एलरेड यांच्या आध्यात्मिक लेखनाची ओढ असणाऱ्यांनी, ते जिथे ११४७ पासून मठाधिपती होते, त्या रीव्होलाच जावे.