सात दरबारांच्या सहवासात: एका मालिकेच्या वाचनाचा अनुभव

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही इंग्रजी मालिका मी पावसाळ्याच्या तोंडावर हाती घेतली आणि खानापूर ते बेळगाव या रोजच्या येण्याजाण्यात २०१५ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झालेली तिची पाचही पुस्तके वाचून काढली. दुसरे आणि पाचवे पुस्तक मी पुन्हा वाचले.

प्रिथियन या परीभूमीत सात दरबार आहेत: चार ऋतूंचे, शिवाय पहाट, दिवस आणि रात्र यांचे. जुन्या युद्धानंतर झालेल्या तहाने परी आणि माणसे यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली आहे. भिंतीअलीकडच्या गरीब घरातली फेयरा शिकारीत एका लांडग्याला मारते, तो परी निघतो आणि त्याची भरपाई म्हणून तिला वसंत दरबारात नेले जाते.

फेयराला वाचता येत नाही, ही गोष्ट माझ्या मनात सर्वांत खोल रुतली. प्रिथियनवर जुलूम करणारी अमरांथा तिच्यासमोर ज्या परीक्षा ठेवते त्यांतली दुसरी अशी: भिंतीवर प्रश्न कोरलेला आहे, समोर तीन दांडे आहेत आणि वरून तापलेल्या खिळ्यांचे छत खाली येत आहे. उत्तर डोळ्यांसमोर असूनही तिला ती अक्षरे लागत नाहीत. आमच्या बसस्थानकावर मराठी उत्तम वाचणारी वडीलधारी माणसे कन्नड पाटीपुढे थबकतात आणि शेजारच्याला “ही गाडी कुठं जाते हो?” असे विचारतात, त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच रोज पाहत असल्याने तो प्रसंग मला एका बैठकीत पुरा करवला नाही.

दुसऱ्या पुस्तकाचे मोठेपण इथूनच सुरू होते. वसंत दरबाराचा अधिपती टॅमलिन याचे फेयरावर प्रेम आहे, पण रक्षणाच्या नावाखाली तो तिला घरात कोंडतो. रात्र दरबाराचा अधिपती रीसँड मात्र तिला अक्षरे गिरवायला लावतो आणि त्यासाठी मुद्दाम स्वतःच्या स्तुतीची वाक्ये देतो, ज्यांवर ती चिडते आणि चिडता चिडता लिहायला शिकते. प्रेम माणसाला बळ देते की परावलंबी करते, हा प्रश्न लेखिकेने इतक्या प्रामाणिकपणे हाताळला आहे की त्यासमोर हायबर्न या शत्रुराज्याच्या राजाशी होणारे युद्ध मला दुय्यम वाटले.

युद्धाचे तिसरे पुस्तक लांबले आहे. सातही अधिपती एकत्र बसतात तो भाग उत्कृष्ट आहे, कारण जुने वैर बाजूला ठेवणे किती जड जाते हे तिथे संवादांतून दिसते. मात्र मृतांना परत आणण्याची युक्ती पुन्हा वापरल्यामुळे युद्धाची किंमत हलकी होते आणि याचे मला खरोखर वाईट वाटले. पहिल्या पुस्तकाचा पूर्वार्धही संथ आहे. शृंगाराची वर्णने मोकळी आहेत, त्यामुळे ही मालिका प्रौढांनीच वाचावी.

पाचवे पुस्तक फेयराची बहीण नेस्टा हिचे आहे. रागाने आणि अपराधाच्या भावनेने पोखरलेली नेस्टा उंच डोंगरावरच्या घरातून शहरात जाणाऱ्या दहा हजार पायऱ्या उतरू पाहते, अर्ध्यातून परतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर पाय ठेवते. चौथे पुस्तक छोटे आणि घटनांच्या दृष्टीने विरळ असले तरी ते वगळू नये, कारण नेस्टाची ही अवस्था कशी झाली ते त्यातच दिसते.