नानांच्या गुलाबापायी गेलेले 29,000 रुपये

वाईला आमच्या परसात विहिरीच्या कडेला एक गुलाब आहे. सासूबाईंनी 1968 साली लावलेला. पुण्याहून येताना गवतात बांधलेला मातीचा गोळा एसटीत मांडीवर धरून आणला होता, आणि खंबाटकी घाटात गाडी बंद पडली तेव्हा स्वतः पाणी न पिता त्याला पाजलं होतं, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. मामंजी त्यावर म्हणायचे, "तरुणपणी लाल होता बरं का हा, म्हातारपणी गुलाबी झाला." आम्ही हसायचो. त्या वाक्यावर मी कधी नीट विचार केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सासूबाई गेल्यावर मला ध्यास लागला की या गुलाबाचं नाव काय. त्यांना माहीत नव्हतं, त्या नुसतं "विहिरीवरचा" म्हणायच्या. गडद गुलाबी, गच्च पाकळ्यांचं, वाटीएवढं फूल. वास असा की देवघरात एक ठेवलं तर माजघरापर्यंत यावा. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांना तो नाहीच.

मागच्या जानेवारीत पुण्यात एका पुष्पप्रदर्शनाला गेले. स्टीलच्या डब्यात ओला पंचा, त्यात चार फुलं आणि एक फांदी. परीक्षक कामात होते. मी डबा घेऊन घुटमळत असताना एक गृहस्थ पुढे आले. पन्नाशीचे, खादीचं जाकीट, गळ्यात दोरीला भिंग. कोणी नेमलेले नव्हते, पण हे मला नंतर कळलं. त्यांनी फूल उलटं करून पाहिलं, पाकळ्या मोजल्या, डोळे मिटून वास घेतला आणि विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या?" मी वाई म्हटल्यावर क्षणभर गप्प बसले. मग हळूच, "मेणवली किती लांब तुमच्यापासून?"

खरं सांगते, मी तिथेच फसले. पैसे पुढे दोन महिन्यांत गेले, पण मन त्या प्रश्नाला गेलं होतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेचा घाट आहे, आमच्यापासून तीन-चार किलोमीटर. आमच्या घराण्याचं त्या वाड्याशी कधीकाळी जाणंयेणं होतं असं घरात बोललं जातं. कागद एकही नाही. मी ते त्या गृहस्थांना आपणहून सांगितलं. म्हणजे माल माझाच, त्यांनी फक्त वेष्टण घालून मला परत विकला.

फेब्रुवारीत ते घरी आले. येण्याजाण्याचे 1,500. झाडाभोवती दोनदा फिरले, फोटो काढले आणि म्हणाले हा नानांच्या बागेतला गुलाब, साधारण 1790 चा, खात्रीसाठी डीएनए करावा लागेल. त्याचे 6,500. तीन पानं तोडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात टाकली आणि आमच्याकडे जेवून, वामकुक्षी घेऊन संध्याकाळी गेले. पानांचा डीएनए काढायचा तर ती थंड ठेवावी लागतात किंवा सिलिका जेलमध्ये झटपट वाळवावी लागतात, हे आता माझ्या भाचीने सांगितलं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आहे. तिला आधी विचारावंसं का वाटलं नाही, तर मला उत्तर आधीच आवडलं होतं.

पंधरा दिवसांत जाड कागदावर रंगीत प्रमाणपत्र आलं. वर पिळाच्या दोरीसारखं डीएनएचं चित्र, खाली "रोझा बोर्बोनियाना, नाना फडणवीसकालीन, जुळणी 99.7 टक्के" आणि गोल शिक्का. मी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एकच विचारलं, "कशाशी जुळणी?" मी चिडले. खरं तर सगळ्या घरात तेवढा एकच शहाणा प्रश्न विचारला गेला. प्रयोगशाळा फार तर सांगेल की हा नमुना अमुक माहीत असलेल्या नमुन्याशी जुळतो किंवा जुळत नाही. ज्याच्याशी ताडायचं तो गुलाब समोर नसेल तर पानातून नाव उगवत नाही. नानांच्या बागेतलं पान कोणी जपून ठेवलं होतं?

तिसरा हप्ता पेटंटचा, 14,000. "काकू, हा गुलाब उद्या कोणी कंपनी उचलेल. तुमच्या सासूबाईंच्या नावाने पेटंट घेऊन टाकू." सासूबाईंचं नाव काढल्यावर मी लगेच मोबाइलवरून पैसे पाठवले, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर. पावती मागितली तर "फाइलसोबत येईल."

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे सुशिक्षित माणसंही अडकतात. आपल्याकडे झाडाला पेटंट मिळतच नाही. 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 3 मधल्या एका पोटकलमाने वनस्पती, बियाणं, वाण हे सगळं वगळलेलं आहे. वाणाच्या नोंदणीसाठी वेगळा कायदा आहे, 2001 चा, त्याचं प्राधिकरण दिल्लीत आहे. तिथे वाण वेगळा आहे, एकसारखा येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो हे दाखवावं लागतं, आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क भरावं लागत नाही. परसातल्या एका झुडपाचा फोटो आणि 14,000 रुपये घेऊन कोणी "पेटंट" आणून देत असेल तर तो दोन्हींपैकी कोणत्याच कायद्याबद्दल बोलत नाही.

एप्रिलच्या मध्यावर ते टेम्पो घेऊन आले. "मातृवृक्षाच्या" चाळीस काड्या लागतील म्हणाले. ऐन उन्हाळ्यात! आमच्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात करतात, हे मलासुद्धा माहीत होतं. पण त्यांच्या हातात कात्री होती आणि माझ्या हातात चहाचा ट्रे. बोटाएवढ्या जाड चाळीस काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. झाडाचे गुडघ्याएवढे खुंट राहिले. जाताना वीस पिशव्या उतरवल्या, "तुमच्याच गुलाबाची" कलमं, एकेक 350 ची, म्हणजे 7,000. फुलं गुलकंदासाठी तेच परत घेणार होते. काड्या आज कापल्या आणि कलमं आजच तयार, हा हिशेब मला त्या दिवशी जमला नाही. चौथी इयत्तेच्या मुलांना मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आहे.

त्याच दिवशी त्यांनी माझा फोटो काढला. नवी साडी नेसायला लावलं, हातात सासूबाईंचा पितळी तांब्या, मागे वाड्याची कमान.

जूनमध्ये कलमांना फुलं आली. तीन लाल, काही फिकट गुलाबी, एक पिवळं. वास एकालाही नाही. फोन लावला तर आधी "गावाला आहे", मग "नंबर अस्तित्वात नाही". पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी सांगितलं की पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. मी दोन-तीन महिन्यांनी गेले होते, तेही आपण होऊन दिलेल्या पैशांसाठी. जो उशीर झाला तो माझा.

नाव मात्र शेवटी कळलं. पुण्याच्या बाजूला एका छोट्या रोपवाटिकेत सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत, आयुष्य गुलाबाचे डोळे भरण्यात, म्हणजे एका झाडावर दुसऱ्याचं कलम बांधण्यात गेलेलं. त्यांच्याकडे मी फुलांचा डबा घेऊन गेले तर त्यांनी डबा उघडलाच नाही. म्हणाले, "ताई, फूल नको. बूड दाखवा." मी मोबाइलवर फोटो दाखवला. "माती बाजूला करून काढा."

घरी येऊन खुरप्याने चार बोटं माती काढली. तिथे आंब्याच्या कोयीएवढी जुनी गाठ होती आणि तिच्यावर एक वाळलेला, काळा पडलेला बुंध्याचा तुकडा. हिरव्या फांद्या सगळ्या गाठीच्या खालून आलेल्या. वरून एकही नाही.

काकांना फोटो पाठवल्यावर त्यांनी फोनवर जे सांगितलं ते असं. विकतचा गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली दणकट खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. खुंटाची फूट वेळोवेळी काढली नाही तर ती वरच्याला मारते. सासूबाईंनी 1968 मध्ये आणला तो लाल गुलाबच होता, क्रिमसन ग्लोरीसारखा एखादा असेल, तो तेव्हा घरोघरी असायचा. काही वर्षांत तो वाळला आणि खुंट वाढत राहिला. मामंजींचं वाक्य शब्दशः खरं होतं! वन्संना फोन केला तर त्या म्हणाल्या, "हो गं, माझ्या लग्नात वेणीत लालच माळला होता."

आणि खुंट कुठला? मग त्यांनी फूल पाहिलं. पानाच्या देठाच्या बुडाशी जी छोटी उपपर्णं असतात ती झालरीसारखी कातरलेली आहेत का, हे आधी बघितलं. तशी असती तर मल्टिफ्लोरा, आणि त्याला पांढरी बारीक फुलं झुपक्याने येतात. आमची तशी नाहीत. मग विचारलं, वर्षातून एकदाच फुलतो का? चैती गुलाब, ज्याचं अत्तर कनौज-हसायनला काढतात, तो चैत्राच्या आसपास बहरतो आणि संपतो. आमचा श्रावणात देतो, दिवाळीत देतो. गडद गुलाबी, भरगच्च, वासाचा, काटेरी, पुन्हा पुन्हा फुलणारा. "एडवर्ड," काका म्हणाले. "आम्ही वर्षानुवर्षं याच्यावर डोळे भरले. रोप हवं तर साठ रुपयाला देतो."

एडवर्ड बोर्बन कुळातला. म्हणजे प्रमाणपत्रावरचं शास्त्रीय नाव बरोबर होतं! त्या गृहस्थांना गुलाब ओळखता येत होता, आणि हीच गोष्ट मला अजून जास्त खुपते. त्यांनी पहिल्याच दिवशी, फुकट, "एडवर्ड" म्हणून सोडून दिलं असतं तर मी त्यांना जेवूही घातलं असतं आणि आशीर्वादही दिला असता.

पण नाव बरोबर असल्यामुळेच त्यांची थाप उघडी पडते. बोर्बन गुलाब हिंदी महासागरातल्या बोर्बन बेटावर, ज्याला आता रेयुनियाँ म्हणतात, चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या संकरातून निपजला. त्याचं बी पॅरिसला गेलं ते 1819 च्या सुमारास. नाना फडणवीस वारले 1800 साली. पेशवाई बुडाली 1818 ला. नानांच्या बागेत हा गुलाब असायचा तर त्यांना आणखी वीसेक वर्षं जगायला हवं होतं. हे प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर चार महिने होतं आणि येणाराजाणारा प्रत्येक जण ते वाचत होता. त्यात इतिहासाचे दोन निवृत्त शिक्षक होते.

गंमत म्हणजे गुलाबप्रेमींच्या भाषेत तो "जुना गुलाब" आहेच. झाडाचं वय तिथे बघत नाहीत. 1867 मध्ये ला फ्रान्स नावाचा गुलाब आला, त्याच्यापासून नव्या हायब्रिड टी जाती सुरू झाल्या असं मानतात, आणि त्याआधीपासूनची कुळं ती जुनी. परवा कुंडीत लावलेलं साठ रुपयांचं रोपही जुना गुलाबच.

विहिरीवरचा गुलाब पावसात पुन्हा फुटला. गल्लीत त्याला आता नानाच म्हणतात. मी एडवर्ड म्हणून सांगते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तो साहेब कशाला घरात? नानाच बरा."

हे सगळं मी घरातच ठेवणार होते. पण गेल्या आठवड्यात मिरजेहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या अंगणातल्या गुलाबाला "आदिलशाहीकालीन" असं प्रमाणपत्र मिळालं आहे, जुळणी 99.7 टक्के. पेटंटचे पैसे भरण्याआधी चौकशी करावी म्हणून त्यांनी माझा नंबर शोधून काढला, कारण त्या गृहस्थांनी त्यांना माझा फोटो दाखवला होता: वाईच्या या काकूंचा गुलाब आता पेटंट झालाय म्हणून. त्यांचे 8,000 गेले होते, बाकीचे वाचले.

तेव्हा मोरपंखी रंगाची, जरीकाठाची साडी, हातात पितळी तांब्या, मागे कमान आणि गुडघ्याएवढं छाटलेलं झुडूप असा हसऱ्या बाईचा फोटो तुम्हाला कोणी दाखवला, तर ती बाई मी आहे. माझ्याकडे पेटंट नाही. एडवर्डच्या काड्या आहेत, ऑक्टोबरात येऊन घेऊन जा.