एक्सेलच्या चार्टमधले अक्ष: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेलमध्ये चार्ट काढायला दहा सेकंद लागतात आणि तो छापण्याजोगा करायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासातला बराचसा वेळ अक्षांवरच जातो. शाळेत आलेख कागदाच्या कोपऱ्यात 'प्रमाण: १ सेमी = १० एकक' लिहायला लावायचे, तेच काम इथे चार खान्यांत करायचं असतं. अक्षावर डबल क्लिक केलं की उजवीकडे फॉरमॅट अॅक्सिस उघडतं. बाउंड्सखाली मिनिमम आणि मॅक्सिमम, म्हणजे अक्षाची सुरुवात आणि शेवट. युनिट्सखाली मेजर आणि मायनर, म्हणजे मोठ्या आणि छोट्या खुणांमधलं अंतर. खान्याशेजारी 'ऑटो' असेल तर एक्सेल ठरवतं. तुम्ही आकडा भरलात की तिथे 'रीसेट' येतं, म्हणजे तो आकडा आता पक्का.

आठ महिने रोज पाऊस, धरणसाठा आणि विक्रीचे चार्ट काढल्यावर माझं मत असं झालंय की चारही खाने भरावेत, नाहीतर चारही सोडावेत. निम्मे भरलेले अक्षच जास्त त्रास देतात. मेजर युनिट ऑटोवर असेल तर ते नुसत्या आकड्यांवर ठरत नाही, चार्टच्या आणि अक्षरांच्या आकारावरही ठरतं. स्क्रीनवर २० चा टप्पा नीट दिसतो. तोच चार्ट अहवालात अर्ध्या रुंदीचा केला की टप्पा ५० चा होतो आणि वरची मर्यादा १२० ची १५० होते. उलट मेजर २० वर बांधून मॅक्सिमम मोकळा सोडला आणि पुढच्या महिन्यात आकडे दसपट झाले, तर अक्षावर आकड्यांची चळतच उभी राहते.

खुणा मोजायला सुरुवात मिनिममपासून होते, शून्यापासून नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मिनिमम ७ आणि मेजर २० दिलं, तर अक्षावर ७, २७, ४७ असे विचित्र आकडे येतात. मिनिमम नेहमी मेजरच्या पटीत ठेवा. मेजरसाठी १, २, ५ आणि त्यांच्या दसपटी डोळ्याला पटकन वाचता येतात, २५ सुद्धा चालतो. मायनरने मेजरला पूर्ण भाग गेला पाहिजे. २० ला ५ ठीक, २० ला ६ दिलं तर छोट्या रेघा मोठ्यांशी जुळत नाहीत. आणि मायनर भरूनही रेघा दिसल्या नाहीत तर गोंधळू नका. खाली टिक मार्क्समध्ये मायनर टाइप मुळात 'नन' असतो, तो 'आउटसाइड' करावा लागतो.

ऑटो मिनिममवर कॉलम (उभ्या स्तंभांच्या) चार्टमध्ये तर अजिबात विसंबू नये. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या सुमारे सहाव्या भागापेक्षा कमी असला, की एक्सेल शून्य सोडून वरून सुरुवात करतं. विक्री ८६ ते ९८ असेल तर अक्ष ८० पासून निघतो. मग ८६ चा स्तंभ ६ उंचीचा आणि ९८ चा १८ उंचीचा. खरा फरक १४ टक्क्यांचा, डोळ्यांना मात्र दुसरा स्तंभ तिप्पट उंच दिसतो. कॉलमला मिनिमम शून्यच टाका. रेषेच्या चार्टला ही सक्ती नाही.

मॅक्सिमम पक्का केला की वेगळाच धोका. पावसाच्या चार्टला ४०० मिमी मर्यादा घालून ठेवली आणि त्यात २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमीचा दिवस आला, तर स्तंभ ४०० वर सपाट कापला जातो. इशारा नाही, वर बाण नाही. बघणाऱ्याला वाटणार ४०० च पडला. अशा वेळी लॉग स्केलचा, म्हणजे प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या ठरावीक पटीत (मुळात दहापट) असलेल्या अक्षाचा मोह होतो, पण ज्या दिवशी पाऊस शून्य त्या दिवसाला लॉग अक्षावर जागाच नसते. शिवाय लॉगवर स्तंभाची उंची मिनिमम कुठे धरला त्यावर ठरते, म्हणजे तिला अर्थ उरत नाही. लॉग वापरायचाच तर ठिपक्यांचा (स्कॅटर) चार्ट घ्या. लॉगचा पाया २ ते १००० पर्यंत बदलता येतो आणि मिनिमम दहाच्या घातातलाच हवा असं नाही. २० दिलं तर २०, २००, २०००, २०००० अशा खुणा मिळतात. ध्वनीच्या वारंवारतेसाठी हे अगदी सोयीचं.

तारखांचा अक्ष हा या सगळ्यातला सर्वात चांगला भाग, पण तारखा खऱ्या तारखा असल्या तरच. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६ म्हणजे ६ मे होतं, आणि १५/०६ मध्ये पंधरावा महिना नसल्यामुळे तो नुसता मजकूर राहतो. अर्ध्या तारखा चुकीच्या, अर्धा मजकूर. तारखांचा रकाना मूळ फाइलवरून आधी मजकूर म्हणून आणा आणि मग टेक्स्ट टू कॉलम्समध्ये डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) क्रम निवडा. आधीच चुकीच्या झालेल्या तारखा त्याने दुरुस्त होतीलच असं नाही. त्यानंतर रेषेच्या चार्टला डेट अॅक्सिस, बेस युनिट डेज, मेजर १ मंथ, मिनिमम १ जून. प्रत्येक खूण बरोबर एक तारखेला पडते, महिना ३० चा असो की ३१ चा. बेस युनिट चुकून मंथ्स राहिलं तर महिन्याचे सगळे दिवस एका उभ्या रेघेत गोळा होतात. स्कॅटर चार्टमध्ये ही महिन्याची सोय नाही. तिथे मेजर ३० दिलं की खुणा हळूहळू एक तारखेपासून सरकत जातात.

डेट अॅक्सिसला तास कळत नाहीत, त्यामुळे तासांसाठी स्कॅटरच लागतो. तिथे एक दिवस म्हणजे १, म्हणून सहा तास ०.२५ आणि तीन तास ०.१२५. हे दोन्ही नेमके बसतात. एक तास ०.०४१६६६… आहे. तिथे ०.०४१७ टाकलंत तर प्रत्येक खूण २.८८ सेकंद पुढे जाते आणि चोविसाव्या खुणेवर ०:०० च्या जागी ०:०१ उमटतं. ०.०४१६६६ टाकलं तर २३:५९. शक्यतो तीन तासांचा टप्पाच घ्या.

रुपयांच्या अक्षासाठी डिस्प्ले युनिट्समध्ये लाख-कोटी ही नावं नाहीत, पण १००००० आणि १००००००० हे पर्याय आहेत, म्हणजे तेच. बाजूला येणाऱ्या लेबलवर क्लिक करून 'लाख रुपये' लिहा. बाउंड्स मात्र पूर्ण आकड्यातच भरायचे. २५ लाखांसाठी २५ नव्हे, २५०००००.

दोन अक्षांचा चार्ट काढाल तर जपून. कोयना धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). डावीकडे टक्के, उजवीकडे टीएमसी हवं असेल तर दोन्ही मिनिमम शून्य, डावा मॅक्सिमम १०० आणि उजवा १०५.२५. ऑटोवर सोडलं तर दोन्ही अक्ष आपापल्या मर्जीने चालतात आणि एकाच साठ्याच्या दोन वेगळ्या रेषा दिसतात. माथ्यावर थोडी जागा हवी तर ११० आणि ११५.७७५. मेजर डावीकडे २०, उजवीकडे २५. आडव्या रेघा टक्क्यांच्याच ठेवा. सेलमध्ये टक्क्यांचं फॉरमॅट असेल तर १०० टक्के म्हणजे १, आणि मेजर ०.२. तिथे १०० टाकलंत की अक्ष १०००० टक्क्यांपर्यंत जातो आणि रेषा तळाला चिकटते.

सगळ्यात मोठी उणीव ही की या चार खान्यांना सेलचा आकडा जोडता येत नाही, त्यासाठी मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) लिहावा लागतो. मॅक्रो नको असेल तर चार्टमध्ये आकड्यांची एक जादा मालिका (सीरीज) घाला, तिच्यात हवी ती वरची मर्यादा सूत्राने आणा, रेषा आणि ठिपके 'नो लाइन', 'नन' करा, आणि लेजेंडमधून (मालिकांच्या नावांच्या यादीतून) तिचं नाव पुसा. अक्ष ऑटोवर राहूनही तिच्यापर्यंत ताणला जातो. फक्त तो नेमका त्या आकड्यावर थांबत नाही, पुढच्या पूर्ण टप्प्यावर जातो.